कापायचं राहिलं म्हणे

काळाचौकी,
सोमवार, २४ फेब्रुवारी

मनवा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते मी राखून ठेवलेत. आधी सगळं वाच, मग बघू.

तुला फोन लावून माझं बोट झिजलं. एकदा वाजतो आणि तुटतो. तुझ्या आईच्या, नलूच्या फोनवरून तेच, तुझ्या बापाच्या फोनवरून तेच. खालच्या वाण्याच्या फोनवरून लावला तेव्हा उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. आता वाण्याचाही लागत नाही. त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? म्हणून म्हटलं पत्र टाकू. पत्राला ब्लॉक नसतो. फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

माझी चौथी गावच्या शाळेत झाली, तीही अर्धी भात लावण्यात गेली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

तू रागाने अँटॉप हिलला मावशीकडे जाऊन बसलीस आणि मागे सगळ्यांची दारं लावून घेतलीस. त्यामुळे इथे काय झालंय ते तुला कळलं नसणार. शेजारच्या धोंडूने पोरीचं, रुपालीचं कॉलेज बंद केलं. तिचा फोन कपाटात टाकला आणि किल्ली करदोट्याला बांधली. मुलगी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढायलासुद्धा येत नाही, तिची आई कुंदा येते आणि आमच्या दाराकडे पाठ करून काढते. शिमग्याला धोंडू रुपालीला गावी नेणार आणि तिथेच ठेवणार. कणकवलीकडे कोणी खडी-वाळूवाला आहे, त्याला दाखवायची आहे. तुमची शेवटच्या वर्षाची परीक्षा शिमग्यानंतर ना? ती आता देत नाही.

हे तुझ्यामुळे झालं. गोड करून लिहायला मला येत नाही.

मला जेवढं समजलं ते मांडते, चुकलं तर सांग. तुमच्या वर्गाचा एक ग्रुप आहे, त्यात मॅडम पण आहेत. तू वर्गाची पुढारी म्हणून त्यावर रोज टाकायचीस, फॉर्म भरा, प्रोजेक्ट द्या, अमुक तारखेला तमुक आणा. त्यातल्याच काही पोरींनी तुला वगळून दुसरा ग्रुप काढला. श्रेया म्हणून कोणी आहे तिने काढला, आणि आपली रुपाली त्यात. तिथे तुझी टिंगल चालायची. एक दिवस नोट्स घ्यायला रुपालीने तुझ्या हातात फोन दिला आणि तू ते सगळं वाचलंस. त्या पानांचे फोटो घेतलेस आणि मोठ्या ग्रुपवर टाकून दिलेस. वर इंग्रजीत लिहिलंस की या माझ्या मैत्रिणी.

इथवर मी तुझ्या बाजूची. माझी टिंगल केली असती तर मी पण चव्हाट्यावर आणली असती, आणि तोंडाने आणली असती.

पण त्याच पानावर टिंगलीच्या वर रुपालीने लिहिलं होतं, ‘घरी सांगितलंय मनवाकडे अभ्यासाला चाललेय. शंतनु दादर चौपाटीवर थांबलाय.’ ते पण गेलं. वर्गातून कुठे कुठे फिरलं आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडलं, जिथे वर्गणीची आठवण आणि कुणाच्या तरी बाराव्याची वेळ टाकतात. खाली कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. त्या ग्रुपवर धोंडू आहे.

धोंडू फोन घेऊन पहिला आमच्याकडे आला. चपला बाहेर काढल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं.

“काकी, खरं सांगा. त्या दिवशी आमची पोरगी तुमच्याकडे होती की नव्हती?”

“अरे, माझ्याकडे दिवसाला दहा जणी येतात. मी काय हजेरी घेते?”

“काकी, मी लिफ्टमन हाय. दिवसभर लोकांका वर-खाली नेतंय. आज लिफ्टमध्ये एकान माका माझ्याच चेडवाची बातमी वाचून दाखवल्यान.”

मी त्याला पाणी दिलं. प्यायला नाही.

चौपाटीवर बसून पोरीने भेळ खाल्ली असेल. त्या वयात नाही खायची तर काय माझ्या वयात खायची, कवळी सांभाळत? पण हे धोंडूला मी सांगून पटणार नाही. तू ये. त्याच्या दारात उभी राहा आणि बोल. काय बोलायचं ते मी विचार करून ठेवते.

नलू हिंदमाताला दुकानात साड्यांच्या घड्या घालताना रडते. परवा एका गिऱ्हाईकाने विचारलं, “ताई, पाण्याने रंग जातो का?” एवढंही तिला हसू आलं नाही. म्हणून कळवते.

सुभद्रा आजी


सोमवार, ३ मार्च

मनवा,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने पाकीट उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “आजी, हाताने लिहिलेलं? कोण वारलं?”

चार ओळी लिहिल्यास. पहिली, मी खरं तेच टाकलं, त्यात एक अक्षर माझं नाही. दुसरी, रुपाली पण हसली होती. तिसरी, त्या तुझ्याच फोटोवर हसत होत्या आजी, तुला माहीत नाही. चौथी, वरचं-खालचं कापायचं राहिलं.

तिसरीपासून सुरू करते. मी वैभवला म्हटलं, माझा कसला फोटो? तुझा बाप आधी पंख्याकडे बघायला लागला. त्याच्याकडे होता! म्हणजे सगळ्या मुंबईने बघितला आणि जिचं थोबाड तिलाच पत्ता नाही. शेवटी दाखवला. तू घरून फोनवर तोंडी परीक्षा देत होतीस, मी मागून आले होते आणि दूध उतू गेलं म्हणून नलूच्या नावाने ओरडत होते, तेव्हाचा आहे. तोंड हे एवढं उघडं. त्याचं त्यांनी चिकटवायचं चित्र केलं. तू ‘फॉर्म भरा’ लिहिलंस की खाली माझं तोंड. एकापाठोपाठ एक माझी तोंडं.

मला राग एकाच गोष्टीचा आला, कवळी लावलेली नव्हती. काढायचा तर माणूस तयार असताना काढावा.

पोरी हसल्या म्हणून मी झिजले नाही, मनवा. या चाळीत मला तोंडावर काय काय म्हणतात ते तू ऐकलेलं आहेस. तू माझ्यासाठी भांडलीस असं मला दाखवू नकोस. तुला माझी लाज वाटली. त्यात पाप नाही. मी तुझ्या वयाची असताना मला माझ्या आईच्या कुंकवाची लाज वाटायची, केवढं मोठं लावायची. पण लाज माझी वाटली आणि पाय रुपालीचा तुटला, हा हिशेब कुठला?

आता चौथी ओळ. वैभवला म्हटलं, पानाचा फोटो कसा काढतात ते मला शिकव आणि नको ते कसं कापतात ते पण. तो म्हणाला, “आई, तुला कशाला?” मी म्हटलं, “कवळीचा फोटो काढायचाय.” त्याने दाखवलं. चौकट येते, कोपरा धरून बोटाने आत ओढायचा. त्याने एकदा केलं, मग मी केलं. पहिल्या खेपेला जमलं. मला! बोटाला चिकट पीठ होतं तरी जमलं.

आणि तुझं कापायचं राहिलं म्हणे.

उत्तर लिहून पाठवू नकोस. मला ते कळलंय. रुपाली हसली ते दिसल्यावर तू वरची ओळ वाचलीस, आणि कोपरा आत ओढला नाहीस.

बरं, झालं ते झालं. आता कामाचं ऐक. तू ये आणि धोंडूला सांग, काका, ते मी बनवलं होतं. रुपालीने असलं काही लिहिलंच नव्हतं, तिच्या नावाने मीच लिहिलं, भांडण झालं होतं म्हणून. आजकाल काय वाटेल ते बनवतात हे त्यालाही माहीत आहे, त्याला त्या लिफ्टमध्ये रोज कोणी ना कोणी काही खोटं दाखवतंच. बापाला ते खोटंच हवंय. फक्त कुणीतरी दारात आणून द्यायला पाहिजे.

तू म्हणशील, पण मी खरं टाकलं. टाकलंस. माझ्या पाठीवर गळू झालं होतं ते पण खरं होतं, मी ते नाक्यावर जाऊन दाखवलं का?

शिमग्याच्या आत ये.

आजी


शुक्रवार, ७ मार्च

मनवा,

तुला मी ये म्हटलं होतं. तू काय केलंस?

नळावर रांगेत उभी होते. वरच्या मजल्यावरची एक बाई, जिला या प्रकरणातलं ओ की ठो माहीत नव्हतं, ती म्हणाली, “मावशी, तुमच्या मनवाने किती छान माफी मागितलीय. डोळ्यांत पाणी आलं.” मी म्हटलं, कुठे? तर स्टेटसवर. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मागे तुमच्या दोघींचा गणपतीतला फोटो, निळ्या साड्यांतला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत, रुपाली, मला माफ कर, तुझी खाजगी गोष्ट मी सगळ्यांसमोर आणायला नको होती. खाली तुटलेलं काळीज.

आता सांग. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी काय विचारलं असेल? “कुठली खाजगी गोष्ट?” रांगेतल्या बारा बायांनी तेच विचारलं. कळश्या भरून वाहत होत्या आणि कोणाचं लक्ष नव्हतं. कुंदा माझ्या मागे होती. ती कळशी रिकामी घेऊन घरी गेली.

आणि ‘खाजगी गोष्ट’ लिहिलंस म्हणजे ती खरी होती असं तू स्वतःच्या हाताने सही करून दिलंस. धोंडूला शंका होती ती पण गेली.

जिच्यासाठी लिहिलंस तिच्याकडे फोन नाही, मनवा. तो कपाटात आहे हे मी तुला कळवलं होतं. तिने सोडून सगळ्यांनी वाचलं. कितीजणांनी वाचलं ते तुला तिथे दिसत असेलच, बसून मोजलं असशील. दोरीवर वाळत घालतात तशी माफी घातलीस, येणाऱ्या-जाणाऱ्याने म्हणावं, काय स्वच्छ धुतलंय!

काढून टाक. मग तू स्वतः ये.

आजी


सोमवार, १० मार्च

मनवा,

स्टेटस काढलंस असं वैभव म्हणाला. चांगलं केलंस. म्हणून हे पत्र जरा हळू आवाजात लिहिते. शिवाय काल माझ्याकडून जे झालं ते नलूलाही सांगितलेलं नाही.

काल चाळीचा सत्यनारायण होता. पूजा झाल्यावर तात्या गाऱ्हाणं घालतात ते तू लहानपणापासून ऐकलंयस. तात्या हातात नारळ घेऊन देवाला एकेक गोष्ट सांगणार आणि आपण सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तू आणि रुपाली पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने ओरडायच्यात, प्रसाद लवकर मिळावा म्हणून.

मी खांबाला टेकून बसले होते. समोरच्या पोरीच्या गळ्यात काय आहे ते बघत होते. तात्यांचं चाललेलं. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी येऊन उभी रवली हत.” व्हय म्हाराजा. “कोणाच्या घरात दुखणाबाणा आसात, ता दूर कर.” व्हय म्हाराजा. “पोटापाण्याक गेल्ल्यांका सुखरूप घराक हाड.” व्हय म्हाराजा. “ह्या धोंडूच्या चेडवाचो जेणी कोणी बाजार मांडल्यान, तेची इद्या तेका फळाक नको.”

व्हय म्हाराजा.

मी म्हटलं. सगळ्यांबरोबर म्हटलं, आणि चांगलं ठणठणीत म्हटलं. म्हणून झाल्यावर कानात शिरलं काय म्हटलं ते. तोवर तात्या पुढच्या घरावर गेले होते. कुंदा माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारी मुद्दाम म्हणाली, नातीच्या विरुद्ध साक्ष दिली. बाजूला नलू होती. तिने पण म्हटलं. तिला तर अजून कळलेलं नाही.

सगळं आटपल्यावर मी तात्यांना गाठलं.

“तात्या, माझं मागे घ्या.”

“काय मागे घेऊ?”

“ते इद्येचं. मी ऐकलंच नव्हतं.”

“सुभद्रे, ऐकूक तुका कोणी बंदी केल्ली? नारळ वाढवलो. आता काय तेका डिंक लावू?”

तिथून मी सरळ धोंडूच्या घरात शिरले. कुंदा खाली प्रसाद वाटत होती, धोंडू मंडपाच्या मागे लागला होता. रुपाली एकटी होती. बारीक झालीय. भिंतीला टेकून पाय जवळ घेऊन बसली होती आणि अंगठा मांडीवर उगाच घासत होती. फोनची सवय जात नाही.

मी विचारलं, “माझ्या फोटोवर हसलीस?”

ती आधी रडली. मी रडू दिलं. मग म्हणाली, “आजी, मी नीट बघितलं पण नव्हतं. सगळ्यांनी हसायचं चिन्ह टाकलेलं, मी पण दाबलं. खाली अजून ढीगभर मेसेज होते, वाचत कोण बसतं.”

“आणि मनवाला वगळून काढलेल्या ग्रुपात तू कशाला राहिलीस? ते पण न बघता?”

तिने पाय आणखी जवळ घेतले.  नंतर म्हणाली, “निघाले असते तर ‘रुपाली लेफ्ट’ असं सगळ्यांना दिसलं असतं. मग माझी पण तोंडं लावली असती.”

मी तिला माफ केलं वगैरे काही नाही. ते माझं काम नाही. पण मी काल जे म्हटलं ते म्हटल्यावर तिच्यावर डोळे काढायचं तोंड मला राहिलं नाही, एवढंच. ती तुझ्यावर हसली ते खरं. न बघता हसली ते पण खरं. तू तिची ओळ बघून तशीच ठेवलीस. यातलं जास्त वाईट कुठलं ते तू कॉलेजात शिकतेस, तू ठरव.

बुधवारी संध्याकाळी परळहून त्यांची बस आहे. तिची बॅग भरलेली मी पाहिली. पुस्तकं बाहेर, पलंगाखाली सरकवलेली.

हे पत्र पोस्टाने वेळेत येणार नाही, म्हणून वैभवबरोबर पाठवतेय. त्याच्याशी बोलली नाहीस तरी चालेल. वाचून झाल्यावर त्याच्याबरोबर ये.

आजी


शुक्रवार, ४ एप्रिल

मनवा,

माझा नंबर तू आता उघडलायस तरी पत्रच लिहितेय. फोनवर लिहिलं तर त्याचा फोटो कोणी कुठे लावेल सांगता येत नाही. हे वाच आणि फाड. अगदी बारीक फाड.

त्या मंगळवारचं तुला सांगायला नको, तू होतीस. पण तू दारात उभी होतीस आणि तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून तुला न दिसलेलं सांगते. तू “काका, ते मी बनवलं होतं” म्हणालीस तेव्हा धोंडू आधी हसला. विश्वास नव्हता. मग तू तुझ्या फोनात माझा नंबर रुपालीच्या नावाने ठेवलास, फोटो पण तिचा लावलास आणि म्हणालीस, “आता बघा, रुपाली तुम्हाला काय लिहितेय.” मी गॅलरीत तांदळाची परात घेऊन बसले होते. परातीत फोन. तू शिकवलंस तसं मी दाबलं.  तुझ्या फोनवर आलं, रुपाली, आणि खाली, ‘बाबा मी पळून चाललेय’. पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर बसलेली. तिचा फोन त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या कमरेला.

धोंडूचा चेहरा मी बघितला. माणसाला फाशीवरून उतरवल्यावर कसा होत असेल तसा. मग त्याने तुझ्या दोन थोबाडीत मारल्या. मी उठले नाही. उठले असते तर परात सांडली असती. शेजारची सगळी दारं उघडी होती, सगळ्यांनी बघितलं, आणि ते बरंच झालं, सगळ्यांना बघायलाच पाहिजे होतं.

 रुपालीला माहीत होतं ना, कुठलं खरं आणि कुठलं नाही. ती एकदाच तुझ्याकडे बघून मान खाली घालून बसली. तिच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

नंतरचं वैभवकडून कळलं. धोंडू कुठूनही उलटं ऐकायला नको म्हणून तू वर्गाच्या ग्रुपवर पण तेच लिहिलंस, सगळं मीच बनवलं, श्रेयाचं पण, टिंगलीचं पण. म्हणजे त्या पोरी सुटल्या. उलट श्रेयाने लिहिलं की मनवाला मदतीची गरज आहे, आपण तिला समजून घेऊया. त्याखाली शंभर काळजं पडली. मॅडमनी तुझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं, पुढारीपण काढून घेतलं आणि परीक्षेला वेगळ्या बाकावर बसवणार म्हणाल्या, कॉपी करणाऱ्यांना बसवतात तसं.

हे मी तुला करायला सांगितलं नव्हतं. मी धोंडूपुरतं सांगितलं होतं. एवढं लांब जाईल हे माझ्या डोक्यात नव्हतं, मला तुमच्या फोनातलं तेवढंच कळतं. तुझं खरं होतं ते तू खोटं करून दिलंस, आणि आता ते परत खरं करता यायचं नाही. मी तुला शाबास म्हणणार नाही. म्हटलं तर तू रडशील आणि मावशीकडे पाहुण्यासारखी राहतेस, तिथे रडू नये.

बस चुकवली त्यांनी. धोंडू एकटाच शिमग्याला गेला आणि खडीवाल्याला सांगून आला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

आज सकाळी तुमचा पहिला पेपर होता, तू तिकडून गेली असशील, रुपालीचं मी सांगते. धोंडू तिला सोडायला निघाला. आमच्या दारावरून गेली. केस ओले होते, हातात पारदर्शक पिशवीत पेन आणि ते प्रवेशपत्र. कुंदाने तिच्या हातावर दही ठेवलं. ती थांबली नाही, आत बघितलं नाही, तुझं नाव घेतलं नाही. मी पण हाक मारली नाही. ती परत येईस्तोवर मी नुसती बसून होते, मला गॅलरीत कामं पुष्कळ असतात, पण बसून होते. आली तेव्हा कुंदाने विचारलं, “कसा गेला गो?” ती म्हणाली, “बरा.” त्या एका शब्दावर मी जेवले.

आता शेवटचं, ते नीट ऐक. सुरुवातीला मी तुला ये ये म्हणून बोंबलत होते. आता येऊ नकोस. धोंडूने ते मानलंय, पण रोज थोडं थोडं मानतोय. तू इथे गॅलरीत दिसलीस, आणि रुपालीने तुझ्याकडे नको तसं बघितलं, किंवा तू तिच्याकडे, तर त्याला सगळं कळेल. तो लिफ्टमध्ये दिवसभर माणसांचे चेहरेच बघतो. तिचा शेवटचा पेपर होऊ दे. रिझल्ट पण लागू दे. मावशीला मी सांगितलंय, पुढच्या प्रत्येक पेपरला तिने तुझ्याबरोबर यायचं आणि त्या वेगळ्या बाकाकडे बघून बाहेर काही बोलायचं नाही.

पाणी आलं होतं संध्याकाळी. रांगेत कुंदा माझ्याशी महिन्याने बोलली. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, “काकी, राग मानू नका, पण तुमची नात एक नंबरची खोटारडी निघाली.”

मी कळशी नळाखाली लावली. म्हटलं, “खोटारडी आहेच. माझ्यावर गेलीय.”

सगळ्या हसल्या. कुंदा पण हसली.

आशीर्वाद राखून ठेवले होते ते घे.

आजी